मगरीच्या पोटात पट्टा नव्हता

माझा भाऊ डेल्मर आयुष्यात कधी एका जागी बसलेला मी पाहिला नाही. जेवतानासुद्धा तो उभाच असतो. ताट खिडकीच्या कट्ट्यावर आणि डोळे बाहेर लावलेल्या गाडीवर. आईच्या मयताला चर्चमध्ये त्याला पहिल्या बाकावर बसवलं, तर पाद्रीबाबांची दुसरी प्रार्थना संपायच्या आत हा दाराशी टोपी फिरवत उभा. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून मला हे तोंडावर बोलायचा हक्क आहे. बाकीचे पाठीमागे बोलतात.

पंचवीस वर्षं त्याने संत्र्यांचा ट्रक चालवला. मग झाडांना रोग लागला, बागा वाळल्या, आणि बागमालक जमिनी विकून डोंगरात राहायला गेले. आता आमच्या फ्लोरिडात जिथे जिथे संत्री होती तिथे वसाहती आहेत आणि वसाहतींत उत्तरेकडून थंडीला कंटाळून आलेली निवृत्त माणसं. प्रत्येक वसाहतीत पावसाचं पाणी जिरावं म्हणून तळं खणतात, त्यात कारंजं बसवतात, काठावर बाक ठेवतात, आणि तळ्यासमोरचं घर म्हणून चार पैसे जास्त घेतात. मग मे महिना येतो, मगरी जोडीदाराच्या शोधात बाहेर पडतात, आणि वाटेत जे पाणी लागेल त्यात उतरतात. त्यांना कोण सांगणार की हे तळं फक्त बघायचं आहे?

संत्री संपली तेव्हा डेल्मर सरकारमान्य मगर पकडणारा झाला. कुणाच्या अंगणात, पोहण्याच्या हौदात, मोटारीखाली मगर निघाली की माणूस सरकारी नंबरवर फोन लावतो, तिथली बाई सगळं विचारून घेते, आणि त्या एका जागेच्या त्या एका मगरीसाठी डेल्मरला परवाना मिळतो. एक तक्रार, एक मगर. हे काम त्याच्यासाठीच जन्माला आलं होतं. पायाला भिंगरी आणि कानाला फोन. एकदा पोस्टाच्या दारात एक आडवी पडली होती, तर पोस्टातली बाई खिडकीतून तिला सांगत होती की जेवणाची सुट्टी आहे, दीड वाजता या. गाडीत बसूनच पैसे काढायच्या बँकेच्या रांगेत दोन मोटारींच्या मध्ये एक उभी होती आणि मागचा माणूस भोंगा वाजवत होता.

लोक एक प्रश्न हमखास विचारतात. "तिला जंगलात सोडणार ना?" त्यावर डेल्मर टोपी सारखी करतो आणि म्हणतो, "गावाबाहेर नेणार, बाई." हे खोटं नाही. आमची शेड गावाबाहेरच आहे. चार फुटांहून लांब मगर कायद्याने मारायचीच असते, कारण सोडली तर ती चालत परत येते. कातडं आणि मांस आमचं, तीच त्याची मजुरी. सोलायचं काम माझं. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मी कोंबड्या कापल्या, मला त्याचं काही वाटत नाही.

आमचे वडीलही मगरी पकडायचे, आणि त्यांचा एक दंडक होता. मगर मारली की तिचं पोट उघडायचंच, घाई असो वा नसो. ते म्हणायचे, तिने काय खाल्लं ते बघितल्याशिवाय आपण कुणाला मारलं ते कळत नाही. मी आजही उघडते. कासवाच्या पाठीचे तुकडे निघतात, गोल्फचे चेंडू निघतात, एकदा अख्खी चप्पल निघाली होती.

तर गोष्ट हेरन्स रेस्ट या वसाहतीची. नावाचा अर्थ बगळ्यांचा विसावा. बगळे तिथे विसावत नाहीत, कारण कमिटीने झाडं तोडून टाकली आहेत. तिथे मिस लोर्ना राहतात, वय एकोणऐंशी, ओहायोच्या. इकडे घर घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी नवरा गेला. घरात त्या आणि नूडल नावाचा पांढरा कुत्रा, जेमतेम मांजराएवढा. एका मंगळवारी संध्याकाळी तळ्याकाठी मगरीने नूडलला ओढून नेला. दोरी तुटली आणि तिचं टोक मिस लोर्नांच्या हातात राहिलं. त्याच्या गळ्यात लाल चामड्याचा पट्टा होता आणि पट्ट्याला पितळेचा बिल्ला.

बुधवारी डेल्मर परवाना घेऊन गेला तेव्हा अर्धी वसाहत घडीच्या खुर्च्या टाकून काठावर बसली होती. कमिटीचे अध्यक्ष मिस्टर ड्रेक यांनी पाण्यात बोट दाखवलं.

"ती बघा. अकरा फूट तरी असेल. मिस लोर्ना म्हणाल्या मोठी होती, तीच ही."

"अजून आहेत का तळ्यात?" डेल्मरने विचारलं.

"असतील एक-दोन लहानसहान. पण खाणारी हीच. तोंड बघा की तिचं."

तोंड सगळ्यांचं तसंच असतं. अशा वेळी वडील काय करायचे, तर अर्धा दिवस गप्प बसून राहायचे. माणसांचा आवाज ऐकून कुठली मगर तोंड वळवते ते बघायचे. जी कुणी खायला घातल्याने सोकावलीय ती वळते, बाकीच्या बुडी मारतात. माणसाजवळ येऊन कुत्रा ओढणारी मगर बहुधा सोकावलेलीच असते. डेल्मरला हे पाठ आहे. पण त्याच दिवशी दुपारी त्याला आणखी दोन ठिकाणी जायचं होतं, आणि शिवाय अर्धा दिवस बसायचं म्हणजे त्याच्या बुडाखाली निखारे. त्याने गळाला गुराचं फुप्फुस लावलं, मोठीच्या समोर पाण्यावर टांगलं, आणि निघून गेला. गुरुवारी सकाळी ती गळाला होती. लोकांनी कॉफीचे कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, मिस्टर ड्रेकनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. निघताना डेल्मर मिस लोर्नांसमोर टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "आता काही भीती नाही, मिस लोर्ना. खुशाल बसा काठावर."

हे वाक्य त्याने घरी येऊन मला सांगितलं. तेव्हा मी सुरीला धार लावत होते.

पोट मी उघडलं. कासव होतं, माशांचे काटे होते, एक गोल्फचा चेंडू होता. पट्टा नव्हता. मगरीच्या पोटात हाडंसुद्धा विरघळतात, पण त्याला वेळ लागतो, आणि दीड दिवसात पितळ तर नाहीच नाही. मी हात कोपरापर्यंत घालून पुन्हा बघितलं. डेल्मर दाराशी येरझाऱ्या घालत होता.

"नाहीये," मी म्हटलं.

"नीट बघ."

"चाळीस वर्षं हात घालतेय मी. नाहीये म्हणजे नाहीये."

"पट्टा पाण्यात गळून पडला असेल."

"आणि कुत्र्याचे केस? तेही गळून पडले?"

त्याने बाहेर जाऊन गाडीचं चाक लाथेने दाबून बघितलं, दुसरं बघितलं, परत आला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही, आणि ते दोघांनाही कळलं होतं. मी त्याला दोष दिला नाही असं म्हणणार नाही. दिला. म्हटलं, "वडिलांसारखा चार तास बसला असतास तर?" असं बोलायला नको होतं, पण मी बोलले आणि तो जेवला नाही.

आता करायचं काय? दुसऱ्या मगरीला गळ लावायचा तर नवा परवाना हवा. नवा परवाना हवा तर तिथे राहणाऱ्या कुणीतरी नवी तक्रार करायला हवी. आणि तक्रार कोण करणार? वसाहतीत तर सगळे खूश होते, कुत्री पुन्हा काठाने फिरत होती. डेल्मरने जाऊन सांगायला हवं होतं की माझी चूक झाली. मी त्याला सांगितलं. शुक्रवारी सांगितलं, शनिवारी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तो तोंडात गुळणी धरून गाडीत बसायचा आणि निघून जायचा. दुपारी तीनला गेलेला सातला परत. विचारलं तर म्हणायचा, काम होतं. काम नव्हतं, कारण फोन मीच घेते.

सोमवारी फोन आला, शाळेच्या वाहनतळावर एक पाच फुटी बसली होती, आणि डेल्मरचा पत्ता नाही. मोबाइल उचलेना. मी माझी जुनी गाडी काढली आणि सरळ हेरन्स रेस्टला गेले. मला अंदाज होता.

तो तळ्याकाठच्या बाकावर बसलेला होता. बसलेला. मी गाडीतूनच क्षणभर बघत राहिले, कारण मला ओळखू येईना. शेजारी मिस लोर्ना, मांडीवर टोपली, आणि डेल्मर बाकाच्या पाण्याकडच्या टोकाला, अंग थोडं पुढे काढून, म्हणजे पाण्यातून काही आलं तर आधी त्याच्यावर यावं. गुडघा थडथड उडत होता. हाताची बोटं टोपीची कड पिळत होती. पण बूड बाकावर होतं. तीन दिवस हा माणूस रोज चार तास तिथे बसत होता, कारण त्याने एका बाईला खुशाल बस म्हणून सांगितलं होतं आणि ती बसत होती. मला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटलं, दोन्ही एकाच वेळी. मी गाडीतून उतरले.

"ही माझी बहीण, ओलेटा," डेल्मर म्हणाला.

"बसा ना, मिस ओलेटा," मिस लोर्ना म्हणाल्या. "तुमचा भाऊ फार गुणी आहे हो. रोज येतो सोबतीला. आजकाल कोण करतं?"

"गुणी आहे खरा," मी म्हटलं. "डेल्मर, शाळेवर मगर आहे."

"दुसऱ्या कुणाला सांग."

"सांगितलंय. आता तू यांना सांगतोस का मी सांगू?"

लहानपणी मी त्याचं पितळ उघडं पाडायचे तेव्हा बघायचा, तसंच त्याने माझ्याकडे बघितलं. मग टोपी काढली.

"मिस लोर्ना, माझ्या हातून चूक झाली. नूडलला ज्या मगरीने नेलं ती अजून इथेच आहे. आम्ही नेली ती दुसरी होती. तिच्या पोटात तुमच्या कुत्र्याचं काहीच सापडलं नाही. मी बघायला हवं होतं, आणि मी घाई केली." एका दमात एवढं बोलून तो थांबला. "तुम्हाला इथे बसा म्हणालो ते चुकीचं होतं. बसू नका."

मला वाटलं बाई रडतील, ओरडतील, मिस्टर ड्रेकना बोलावतील. त्यांनी टोपलीवरचा रुमाल सारखा केला.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

त्या आवाजासरशी पलीकडच्या लव्हाळ्यातून एक डोकं वर आलं आणि आमच्याकडे वळलं. फार मोठं नाही, सात फुटांची असेल. डेल्मर उभा राहिला. ती बुडी न मारता सरळ पोहत निघाली, घाई नाही, आडवळण नाही. दहा पावलांवर येऊन थांबली आणि तरंगत राहिली. टोपलीत सॉसेजचे तुकडे होते. मी रुमाल उचलून बघितला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डिसेंबरपासून. माझा नवरा गेला तेव्हापासून संध्याकाळचे साडेचार वाजले की मला काय करावं ते सुचायचं नाही. मुलं रविवारी फोन करतात. एकदा सॅन्डविचचा तुकडा टाकला, ती आली. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आधीच येऊन थांबली होती. कुणीतरी थांबलं होतं हो." त्या पाण्याकडेच बघत होत्या. "नूडल माझ्या मांडीवर असायचा. त्या दिवशी तो खाली उतरला. तुमचा भाऊ असेपर्यंत मी काही टाकत नाही, तो गेल्यावर टाकते."

"म्हणजे तुम्ही बघितलं होतं कुठली ते."

"माझ्या हातातच होती ना दोरी."

"आणि कमिटीला मोठी म्हणून सांगितलंत?"

"मिस्टर ड्रेकनी विचारलं, मोठी होती का. मी हो म्हटलं. मला वाटलं, ती नेतील आणि ही राहील."

मला शिकलेल्या माणसांचा राग येतो तो यासाठीच. तीस-चाळीस वर्षांची ती मोठी मगर, संत्र्यांच्या बागा होत्या तेव्हापासून या पाणथळीत असणार, कुणाच्या वाटेला न जाता कासवं खाऊन जगली, आणि तिच्याबरोबर फोटो काढला त्या ड्रेकने. मी बोलले. म्हटलं, "बाई, त्या मुक्या जिवाचं काय? तिचं कातडं माझ्या शेडमध्ये मिठात पडलंय. आणि माझा भाऊ चार रात्री झोपला नाही, तुम्हाला काही होईल म्हणून. तुम्ही शेजारी बसून गुणी गुणी म्हणत होतात त्याला."

"ओलेटा, पुरे," डेल्मर म्हणाला.

"पुरे कसं?"

"पुरे म्हटलं ना." तो पाणी आणि मिस लोर्ना यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला होता. मगर थोडी पुढे आली. तिची नजर टोपलीवर होती. "मिस लोर्ना, मला रागवायचं नाहीये. पण ऐका. ही आता तुमचा आवाज आणि दुसऱ्या माणसाचा आवाज यात फरक करत नाही. जो काठावर बोलेल त्याच्याकडे ती येणार. पुढच्या आठवड्यात शाळांना सुट्टी लागते. तळ्यासमोरच्या त्या चार घरांत नातवंडं येतात. मी अंगणांत छोट्या सायकली बघितल्यात."

मिस लोर्नांनी त्या घरांकडे बघितलं. मग टोपली मांडीवरून खाली ठेवली, पाण्यापासून लांब, बाकाच्या मागे. मगर थोडी मागे सरकली आणि पुन्हा थांबली.

"तक्रार केली तर तिला कुठेतरी सोडणार ना?"

मी डेल्मरकडे बघितलं. त्याने टोपी डोक्यावर घातली नाही.

"नाही, मिस लोर्ना. मारणार. मीच मारणार."

"तुम्ही केली तर नाही चालणार का तक्रार?"

"नाही चालत. इथे राहणाऱ्यानेच करायची असते."

फोन त्यांच्या पर्समध्ये होता. चष्मा शोधण्यात वेळ गेला, मग नंबर दोनदा चुकला. डेल्मर सांगत गेला तसा त्यांनी तिसऱ्यांदा नीट लावला. आवाज बाहेर येईल असा लावून त्यांनी फोन बाकावर ठेवला. पलीकडची बाई रोजच्या सवयीने विचारत गेली. नाव, पत्ता, तळं कुठलं, लांबी अंदाजे किती.

"त्या तळ्यातली मगर तर मागच्या आठवड्यात नेली, बाई. इथे नोंद आहे."

"ती नव्हती," मिस लोर्ना म्हणाल्या. "मी चुकीची सांगितली."

"बरं. आता आहे ती कुठे आहे?"

"माझ्या समोर."

"किती अंतरावर?"

डेल्मरने बोटांनी दाखवलं. "दहा पावलं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही मागे सरा, बाई. ती माणसांना घाबरते का?"

मिस लोर्ना मागे सरल्या नाहीत. मगर त्यांच्याकडे तोंड करून तरंगत होती आणि त्या तिच्याकडे बघत होत्या. त्यांचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "मीच घाबरू दिलं नाही तिला."